चाकण ते चिंचवड : आशियाच्या आर्थिक इतिहासाचा एक पट्टा

आर्थिक इतिहासकार अँगस मॅडिसन यांच्या अंदाजानुसार 1700 च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पादनात सुमारे चोवीस टक्के असलेला भारताचा वाटा 1950 पर्यंत चार टक्क्यांच्या आसपास घसरला, आणि या घसरणीनंतरच्या उभारीचा एक ठळक प्रयोग पिंपरी-चिंचवडच्या माळरानावर झाला. 1954 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे मोठ्या टाक्यांमध्ये बुरशी आंबवून, म्हणजे किण्वनाने, पेनिसिलिन तयार होऊ लागले.

1962 मध्ये एमआयडीसी, म्हणजे भूखंड, रस्ते व पाणी एकत्र पुरवणारे महामंडळ, अस्तित्वात आले. पुढे टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि बजाजच्या कारखान्यांभोवती भोसरीच्या शेडमध्ये लेथवर सुटे भाग कातून देणारे जॉबवर्कवाले वाढले, आणि या पट्ट्याची खरी ताकद मोठ्या पाट्यांपेक्षा याच कारागिरीत होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. कोणी किती उत्पादन करायचे हे सरकारच ठरवणाऱ्या परवाना पद्धतीत आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी ग्राहक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर ही बंधने सैल झाली. पुढे परदेशी कंपन्याही या पट्ट्यात आल्या; 2009 मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला.

नव्या कारखान्यांसोबत येथे जुन्या खुणाही टिकून आहेत: मुघल सरदार शायिस्ताखानाने 1660 मध्ये वेढलेला संग्रामदुर्ग किल्ला याच चाकणात आहे, आणि तेथील बाजारात कांदा-बटाट्याचे व्यवहार आजही होतात.