हॉलमध्ये धो धो, स्वयंपाकघरात ठणठणाट

सिडकोतल्या माझ्या मावसबहिणीचा एका रात्री फोन आला. आवाज रडवेला. "ताई, मी सोडून देते ते बी.ए. मला नाही जमत." चाळिशी ओलांडल्यावर तिनं आपल्या नाशिकच्याच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतलाय. सगळी कामं आवरून रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर डब्याला मोबाईल टेकवून ती व्याख्यानं ऐकते. पण शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा मध्येच गोठतो, आवाज तुटतो आणि ते चक्र गरागरा फिरत राहतं. घरात सांगावं तर हॉलमधून उत्तर येतं, "नेट तर मस्त चाललंय! मॅच बघतोय ना आम्ही. तुझंच काहीतरी चुकत असेल."

आणि मैत्रिणींनो, आपल्याला हे किती चटकन पटतं, नाही?

दुसऱ्या दिवशी गेले तिच्याकडे. राऊटर कुठे, तर हॉलच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे, वर प्लॅस्टिकच्या फुलांचा गुच्छ. दिसायला नको म्हणून! तिथून स्वयंपाकघरापर्यंत दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि फ्रीज. वाय-फाय म्हणजे शेवटी रेडिओच्या लहरी. विटांच्या भिंतीतून त्या जातात, पण थकून जातात. सळयांचं काँक्रीट त्यांना आणखी जड जातं आणि पत्र्याचं कपाट तर त्यांना जवळजवळ अडवतंच.

वेग मोजायची ॲप्स फुकट मिळतात, 'ट्राय'चंही 'मायस्पीड' नावाचं आहे. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही थोडा वेळ बंद ठेवून आम्ही राऊटरशेजारी मोजलं. ३८ एमबीपीएस. प्लॅन ४० चा, म्हणजे कंपनी चोख. मग स्वयंपाकघरात मोजलं. ३! ना कंपनीची चूक, ना बहिणीची. पाणी टाकीपर्यंत भरपूर येत होतं, तिच्या नळाला येत नव्हतं.

हे दोन आकडे प्रत्येकीनं आपल्या घरात एकदा काढावेत. दोन्हींत मोठा फरक असेल तर दोष घरातला. राऊटरशेजारीच आकडा कमी असेल, तर मात्र कंपनीला विचारायचं. पण एकदाच मोजून नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री आठ ते दहाच्या गर्दीत, असं तीन-चार दिवस दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहून ठेवा. तक्रार केली की तिचा नंबर मागून घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. २०१२ च्या नियमांनी ग्राहकाला तो हक्क दिलाय.

आता त्या एमबीपीएसचं. ते सेकंदाला मेगाबिट असतात आणि आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे ४० च्या कनेक्शनवर सेकंदाला फार तर ५ एमबी उतरणार. "४० घेतलं आणि ५ च येतात, फसवलं," असं म्हणू नका. २००५ मध्ये बीएसएनएलचं 'डेटावन' आलं तेव्हा २५६ केबीपीएसलाही आपण ब्रॉडबँड म्हणत होतो, त्याच्या दीडशे पटींहून जास्त हे झालं. व्हिडिओवरच्या एका तासिकेला ३-४ एमबीपीएसही पुरतात, फक्त ते अखंड मिळायला हवेत. म्हणून "ताई, १०० चा प्लॅन घ्या," असं कोणी सुचवलं तर आधी हसून नाही म्हणा. स्वयंपाकघरातल्या तीनाचे त्यानं फार तर चार होतील.

बहिणीकडे मी म्हटलं, राऊटर पॅसेजच्या भिंतीवर उंच लावू, घराच्या मधोमध. तिच्या मिस्टरांचं म्हणणं, "शोभा जाते." मी म्हटलं, शोभा बघायची की शिकवणी? फायबरची वायर बारीक असते, जोरात वाकवली तर आतली काच तुटते, म्हणून कनेक्शनवाल्या मुलालाच बोलावून ती वाढवून घेतली. जिथे राऊटर हलवणं शक्यच नाही, तिथे त्याला लॅन केबल जोडून दुसरा छोटा राऊटर आत लावता येतो. एक्स्टेंडर घेतलात तर अर्ध्या वाटेवर लावा. स्वयंपाकघरात मुळात सिग्नलच नसेल, तर तो बिचारा वाढवणार काय?

राऊटर पुष्कळदा दोन नावं दाखवतो, एकापुढे '५जी' लिहिलेलं. हे मोबाईलचं ५जी नव्हे, ५ गिगाहर्ट्झ. ते वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हार मानतं. दुसरं २.४ चं लांब पोचतं, पण फ्लॅटमध्ये सगळ्या शेजाऱ्यांची त्यावरच गर्दी. त्यात मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे तो लावला की जवळच्या फोनचं नेट अडखळतं. व्याख्यानाच्या वेळी पापड भाजायचे असतील तर गॅसवरच भाजा.

राऊटर आता पॅसेजमध्ये दरवाज्याच्या वर आहे. फुलांचा गुच्छ शोकेसमध्येच राहिला. परवा रात्री बहिणीनं पुन्हा मोजून मला आकडा कळवला. स्वयंपाकघरात, टेबलाजवळ, २२. हॉलमध्ये मॅच चालू असताना.