विद्यापीठे एक झाली, विद्यार्थ्यांचे काय?

घरातला पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी कॉलेजची पायरी चढते, तेव्हा आईबापांना फी, वसतिगृह आणि बसभाडे यांचा घोर लागतो. दक्षिण आफ्रिकेतील काळ्या कष्टकरी कुटुंबांचीही हीच कथा आहे.

तेथील वर्णद्वेषी सरकारने १९५९ साली कायदा केला. खास परवान्याशिवाय गोऱ्यांच्या विद्यापीठात इतरांना प्रवेश बंद झाला. काळ्यांसाठी टर्फलूप, भारतीय वंशाच्या लोकांसाठी डर्बन अशी वेगळी शिक्षणकेंद्रे निघाली. १९७६ मध्ये काळ्या डॉक्टरांसाठी प्रिटोरियाजवळ मेडुन्सा हे वैद्यकीय विद्यापीठ उभे राहिले. जणू शिक्षणातही वेगळे पाणवठे!

१९९४ साली नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. पुढे शिक्षणमंत्री कादर अस्माल यांच्या काळात ३६ उच्च शिक्षणसंस्थांची संख्या विलीनीकरणाने कमी करण्याचे ठरले. कारभाऱ्यांचे म्हणणे असे की, वंशभेदाचा नकाशा पुसायचा असेल तर या भिंती पाडल्याच पाहिजेत. एकाच शहरात तेच विभाग दोनदा चालवून पैसा का घालवावा?

हे म्हणणे खोटे नव्हते. २००४ मध्ये डर्बन-वेस्टव्हिल आणि पूर्वी गोऱ्यांचे असलेले नाताल ही विद्यापीठे एक होऊन क्वाझुलू-नाताल विद्यापीठ झाले. ते आजही चालू आहे.

पण विद्यार्थ्यांचे प्रश्नही खरे होते. एकत्र झाल्यावर फी कोणाची लागू होणार, गरिबाच्या संस्थेची की श्रीमंताच्या? आपला विभाग दुसऱ्या गावी गेला तर राहायचे कुठे? आणि ज्या आवारात आपण वर्णद्वेषाशी झुंजलो, त्याचे नावच पुसले जाणार काय?

मेडुन्साच्या बाबतीत ही भीती खरी ठरली. २००५ मध्ये ते शेकडो किलोमीटर दूरच्या टर्फलूपशी जोडून लिम्पोपो विद्यापीठ करण्यात आले. येथे तर दोन्ही संस्था काळ्यांच्याच होत्या; गोऱ्या-काळ्यांची भिंत पडण्याचा प्रश्नच नव्हता. विद्यार्थी व अध्यापकांचा असंतोष धुमसत राहिला. अखेर सरकारने माघार घेतली आणि २०१५ पासून तेथे सेफाको मकगाथो आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्वतंत्रपणे सुरू झाले. मधली दहा वर्षे मात्र विद्यार्थ्यांना परत मिळाली नाहीत.

पालकहो, भेदाची भिंत पाडणारे विलीनीकरण स्वागतार्हच आहे. पण आपल्या मुलांचे कॉलेज दुसऱ्याशी जोडले जात असेल, तर गप्प बसू नका. फी किती, वसतिगृह कुठे, शिष्यवृत्ती चालू राहील का, पदवीवर नाव कोणाचे, हे लेखी विचारा. निर्णय झाल्यावर नव्हे, आधी विचारा.