लहान पिस्तूल चालवायला सोपे नसते

अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक राज्यांत प्रौढ माणसाला परवान्याशिवाय कपड्यांखाली पिस्तूल बाळगता येते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर न्यूयॉर्क, न्यू जर्सीसारख्या कडक राज्यांतही सामान्य माणसाला असा परवाना मिळण्याची वाट मोकळी झाली. तिथल्या मराठी घरांतही त्यामुळे हा विषय निघू लागला आहे. एच-१बी व्हिसावर राहणाऱ्यांना मात्र, शिकारीचा परवाना असण्यासारखे मोजके अपवाद वगळता, फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना येते. पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्याला, त्यातही बाई असेल तर, हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘छोटंसं घ्या, हाताला झेपेल.’ हाताची ताकद कमी असेल तर शस्त्रही लहान हवे, हा समज साफ चुकीचा आहे आणि जिवावर बेतू शकतो.

लहान पिस्तूल बाळगायला सोपे असते, चालवायला नाही. तेच काडतूस निम्म्या वजनाच्या पिस्तुलातून झाडले, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. मूठ आखूड असल्याने करंगळीला जागा उरत नाही, आणि नेम धरायच्या दोन खुणांमधले अंतर कमी असल्याने हाताची बारीकशी चूकही लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. शिवाय स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा मागे सरकणारा वरचा भाग, छोटी आणि हलकी असली की तिला आवरायला स्प्रिंग अधिक ताठ लागते. म्हणजे ज्यांच्या बोटांत जोर कमी, त्यांनाच ती मागे खेचणे जड जाते. स्मिथ अँड वेसनचे पाच गोळ्यांचे ६४२ रिव्हॉल्व्हर पाहा. वजन जेमतेम ४०० ग्रॅम, पण चाप पूर्ण ओढायला सुमारे पाच किलोंचा जोर लागतो. शस्त्राच्या वजनाच्या दहापटीहून अधिक बळ एका बोटाने लावायचे आणि तोवर नळी हलू द्यायची नाही, हे सरावलेल्यालाही कठीण जाते. याच कंपनीने २०१८ मध्ये कमी ताकदीच्या हातांसाठी शील्ड ईझेड आणले, ते खिशात मावणाऱ्या पिस्तुलांपेक्षा मोठे आहे.

यावर म्हटले जाते की हल्लेखोर दोन हातांवर असतो, तिथे नेम कसला धरायचा? न्यूयॉर्क पोलिसांच्या प्रशिक्षणाचा रँड संस्थेने केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार, समोरून गोळीबार होत असताना प्रशिक्षित पोलिसांच्या शंभरातल्या सरासरी अठराच गोळ्या लागत होत्या. पोलिसांकडे खिशातल्या पिस्तुलांपेक्षा मोठी पिस्तुले असतात, हेही इथे लक्षात घ्यायला हवे. न लागलेली प्रत्येक गोळी पुढे कुठे तरी जातेच, आणि तिथे कुणीही उभे असू शकते.

मग मोठ्या कॅलिबरने ही उणीव भरून निघते का? १९८६ मधल्या मायामीच्या चकमकीत एफबीआयच्या एका ९ मिमी गोळीने हल्लेखोराच्या छातीत शिरूनही हृदय गाठले नाही, म्हणून संस्थेने अधिक ताकदीची काडतुसे स्वीकारली. पण २०१४ मध्ये तिच्याच प्रशिक्षण विभागाने ९ मिमीकडे परतण्याची शिफारस केली. नव्या गोळ्यांच्या परिणामात फारसा फरक उरला नव्हता आणि ९ मिमीने बहुतेकांचे नेम अधिक वेगाने, अधिक अचूक लागत होते.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे: मोठे पिस्तूल घरीच राहते, मग त्याचा उपयोग काय? हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी पूर्ण आकाराचा आग्रह धरत नाही. पण लपवताना अडचण नळीची नसते; ती पट्ट्याच्या आत खाली जाते. शर्टावर उठून दिसते ती मूठ. २०१८ मध्ये आलेल्या सिग पी३६५ मध्ये जेमतेम इंचभर जाडीत दहा गोळ्या मावल्या, तेव्हापासून खिशातले पिस्तूल आणि पूर्ण आकाराचे पिस्तूल यांच्यामध्ये चांगले पर्याय मिळू लागले आहेत. रेंजवर पिस्तुले भाड्याने मिळतात. दोन-तीन आकारांतून पन्नास-पन्नास गोळ्या झाडाव्यात आणि शेवटच्या दहा कुठे लागल्या ते पाहावे. चाप पूर्ण झाकणारे कडक होल्स्टर घ्यावे, आणि घरासाठी कुलपाची पेटीही त्याच दिवशी घ्यावी: २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने झालेल्या ४८,८३० मृत्यूंपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या.