फळीवरची पुस्तके का फाटतात?

वाचनालयातले पुस्तक सर्वांत आधी फाटते ते पाठीच्या वरच्या टोकाशी. फळीवरून पुस्तक काढायचे म्हणजे त्या टोकावर तर्जनी अडकवून ओढायचे, ही सवय बहुतेक सगळ्यांना असते. पुठ्ठा बांधणीच्या पुस्तकात नेमकी तीच जागा सर्वांत कच्ची असते. पाठीचे कापड आणि आतला पानांचा गठ्ठा यांच्यामध्ये पोकळी असते आणि टोकाला केवळ दुमडलेले कापड असते. पुस्तकाचे सारे वजन आणि शेजारच्या दोन पुस्तकांचे घर्षण या बोटभर कापडावर येते. आधी त्याचे धागे सुटतात, मग पाठीच्या कडेने चीर खाली उतरते. शेवटी पुठ्ठा आतल्या अस्तराच्या कागदावर लोंबकळतो. हवे ते पुस्तक काढण्यासाठी दोन्ही बाजूंची पुस्तके थोडी आत ढकलावीत, मधले पुस्तक पुढे आले की पाठीच्या मध्यावर अंगठा आणि बोटांनी धरून काढावे. यात एखाद-दुसरा सेकंद जास्त जातो, एवढेच.

अर्थात फळी ठासून भरलेली असेल तर शेजारची पुस्तके आत ढकलताच येत नाहीत. म्हणून फळी किती भरावी हा प्रश्न सवयीच्याही आधी येतो. तीन-चतुर्थांश फळी भरावी आणि उरलेली जागा नव्या पुस्तकांसाठी ठेवावी, हा जुना नियम आहे. विषयवार वर्गीकरण केलेल्या ग्रंथालयात तो पाळला नाही, तर चरित्राच्या फळीवर दोन पुस्तके वाढली की पुढच्या पाच फळ्या सरकवाव्या लागतात. अर्धी रिकामी फळीही वाईटच. तिथे पुस्तके तिरकी होतात. तिरक्या पुस्तकाचा एक पुठ्ठा पुढे सरकतो, दुसरा मागे राहतो, आणि काही महिन्यांत पाठ कायमची मुरडते. शेवटच्या पुस्तकाला पत्र्याचा एल आकाराचा टेकू दिला की हे टळते.

पुस्तक उंच आहे, फळीत मावत नाही, म्हणून त्याची पाठ वर आणि पानांची बाजू खाली करून ठेवण्याची पद्धत तर पाहताक्षणी बंद करावी. पुठ्ठे पानांपेक्षा थोडे मोठे असतात. त्यामुळे असे ठेवलेले पुस्तक पुठ्ठ्यांच्या कडांवर उभे राहते आणि पानांचा गठ्ठा शिवणीला अधांतरी लटकतो. कोश, नकाशासंग्रह, दिवाळी अंकांचे बांधलेले जाड खंड आडवे ठेवावेत आणि एकावर एक तीनच्या वर चढवू नयेत. उभ्या रांगेच्या डोक्यावर आडवी पुस्तके सारणे ही जागेच्या टंचाईतून आलेली सवय आहे. तिच्यामुळे खालचे पुस्तक काढताना हात पुन्हा पाठीच्या टोकाकडेच जातो.

पुस्तक किती सोसेल हे त्याच्या बांधणीवर ठरते. जुन्या चांगल्या बांधणीत मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो. प्रत्येक फर्मा घडीतून दोऱ्याने शिवतात, मग शेजारचे फर्मे एकमेकांत ओवतात. असे पुस्तक टेबलावर सपाट उघडते आणि हजार वेळा उघडूनही टिकते. आजच्या कागदी आवरणाच्या बहुतेक पुस्तकांत घड्या कापून सुट्या पानांच्या कडेला गरम गोंद लावलेला असतो. वर्षे गेली की हा गोंद कडक होतो. मग कोणी पुस्तक उलटे दुमडून एका हातात धरले की पाठ मधोमध तडकते आणि पाने गळू लागतात. नवे पुस्तक दाखल करून घेताना पाठ टेबलावर टेकवून आधी पहिली काही पाने, मग शेवटची काही, असे दोन्ही बाजूंनी मध्यापर्यंत हलक्या हाताने उघडत जावे. गोंद सगळीकडे सारखा वाकतो आणि एकाच जागी तडा जात नाही.

गावोगावच्या बाइंडिंगचा एक प्रकार इथे सांगायलाच हवा. खिळखिळे पुस्तक बाइंडरकडे गेले की तो पाठीकडची घडी कापतो, बाजूने दाभणाने भोके पाडतो आणि दोरा ओवून घट्ट आवळतो. पुस्तक दिसायला भक्कम दिसते. पण आतला समास सेंटिमीटरभर गिळला जातो आणि पुस्तक पूर्वीसारखे उघडत नाही. वाचक ते जोर लावून दाबतो आणि जुना कागद शिवणीच्या रेषेवरच तुटतो. अशा पुस्तकाची पुन्हा बांधणी जवळपास अशक्य असते. फर्म्यांच्या घड्या शाबूत असतील, तर ‘घडीतूनच शिवा’ असे बाइंडरला बजावून सांगणे हे ग्रंथपालाचे काम आहे.

कागदाचे शत्रू जागेप्रमाणे बदलतात. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यातील माकणी हे तेरणा नदीवरच्या निम्न तेरणा धरणाचे गाव. इथल्या हवेत वर्षभरात दोन टोके येतात. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीवर असताना आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि ऑगस्टच्या सकाळी ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते. कागद हवेतले पाणी घेतो आणि सोडतो. ओलीने त्याचे तंतू जाडीला फुगतात, कोरडेपणात आक्रसतात. पुठ्ठा, कापड, खळ आणि कागद यांचे फुगणे-आक्रसणे सारखे नसते, म्हणून पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला संधी मिळते, फार खाली गेली की कागद कडक होऊन घडीवर मोडतो. त्यातल्या त्यात मोठा धोका वारंवार होणाऱ्या चढउताराचा. गावच्या वाचनालयात वातानुकूलन नसले तरी चालते. दिवसा चार तास यंत्र चालवून रात्री बंद करण्यापेक्षा ते नसलेलेच बरे.

उष्णतेचा दुसरा परिणाम डोळ्यांना उशिरा दिसतो. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांब साखळ्या. आम्लामुळे त्या तुटतात आणि तापमान वाढले की तुटण्याचा वेग वाढतो. हे आम्ल बऱ्याचदा कागदात कारखान्यातूनच आलेले असते. शाई पसरू नये म्हणून कागदात राळ आणि तुरटी मिसळण्याची युक्ती १८०७ मध्ये जर्मनीत मोरिट्झ इलिग याने मांडली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती जगभर पसरली. तुरटीने कागद आम्लधर्मी झाला. त्यात लाकडाचा लगदा आला, लगद्याबरोबर लिग्निन आले आणि उजेडात पिवळा पडणारा कागद तयार झाला. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पुस्तके तपासली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य पुस्तकांचा कागद आणखी पन्नास वर्षेही वापरात टिकणार नाही असे दिसले. याउलट दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हाताने केलेला कागद शतके टिकतो. म्हणूनच पेशवाईतला मोडी कागद आज उलगडता येतो आणि १९५० सालची कादंबरी हातात चुरते. यावर वाचनालयाला करता येण्याजोगे थोडेच आहे: पुस्तके उन्हापासून, पत्र्याच्या छपराच्या झळांपासून आणि खिडकीच्या प्रकाशापासून लांब ठेवायची.

म्हणजे प्रश्न येतो रॅक कुठे ठेवायचे हा. पश्चिमेची बाहेरची भिंत उन्हाळ्यात तापते आणि पावसात ओल धरते, ती टाळावी. कोणत्याही भिंतीपासून तीन-चार इंच अंतर सोडावे. सर्वांत खालची फळी जमिनीपासून निदान चार ते सहा इंच वर असावी. पुस्तके फळीच्या पुढच्या कडेशी एका रेषेत लावावीत, मागे आपोआप हवा खेळायला वाट राहते. काळ्या मातीवर उभ्या घरांच्या जमिनींना उन्हाळ्यात भेगा जातात आणि वाळवीला तेवढी वाट पुरते. ती उघड्यावर येत नाही, मातीची नळी बांधत वर चढते. रॅक भिंतीला चिकटलेले असले तर नळी दिसतच नाही, पुस्तक काढले की हातात केवळ पुठ्ठा येतो. रंग भाजून बसवलेले लोखंडी रॅक लाकडी कपाटांपेक्षा बरे, कारण लाकूड वाळवीला बोलावते आणि कच्च्या लाकडातून आम्लाची वाफही निघते.

माकणीच्या भागात रॅकचा विचार आणखी एका कारणाने करावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आलेल्या भूकंपाने किल्लारी आणि सास्तूरच्या पट्ट्यात हजारो माणसे दगड-मातीच्या भिंतींखाली गाडली गेली. तोवर देशाच्या भूकंप नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ च्या नकाशात तो तिसऱ्या विभागात गेला. एक मीटर फळीवरच्या साध्या पुस्तकांचे वजन २५ ते ३५ किलो भरते, म्हणजे सहा फळ्यांच्या रॅकवर एका बाजूलाच दीड-दोनशे किलो ओझे असते. असे रॅक मोकळे उभे असले तर धक्क्यात पहिले आडवे होते ते तेच, आणि वाचनालयातली मुले बहुधा त्याच्याच खाली बसलेली असतात. रॅकची वरची बाजू लोखंडी अँगलने भिंतीला जखडावी (मधले तीन-चार इंच अंतर अँगलने सांधता येते), मधल्या दुहेरी रॅकांची डोकी एकमेकांना पट्टीने बांधावीत, कोश आणि जाड खंड खालच्या फळ्यांवर ठेवावेत. या कामाला एक वेल्डर आणि एक दुपार पुरते.

कीटकांमध्ये वाळवीनंतर नंबर कसरीचा. चंदेरी रंगाची ही चपळ कीड मुख्यतः बांधणीतली खळ, कागदावरचा पिठाचा लेप आणि पुठ्ठ्याचा पृष्ठभाग खरवडून खाते. पुस्तकाला आरपार गोल भोके पडलेली दिसली, तर ते भुंग्याच्या अळ्यांचे काम. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते यांच्यासाठीच. त्याने कीड दूर राहते, पण मोरचुदातले तांबे कागद काळा आणि ठिसूळ करायला मदत करते. कडुनिंबाचा पाला, वेखंड यांनी कीड काही प्रमाणात लांब राहते, लागलेली कीड मरत नाही, आणि ओला पाला पानांत ठेवला तर डाग पडतात. डांबरगोळ्यांचेही तसेच. शिवाय बंद खोलीत त्यांचा वास ग्रंथपालाच्याच छातीत जातो. कीड लागलेली मोजकी पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८-२० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवली की किडी, अळ्या आणि अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, दिवसभर तशीच ठेवायची, म्हणजे दव पुस्तकावर न जमता पिशवीवर जमते. तालुक्याच्या गावी आइस्क्रीमवाल्याकडे असा फ्रीझर असतोच.

वाचकांच्या हातांबद्दल थोडेच, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणी पाळत नाही. थुंकी लावून पान उलटल्याने खालचा कोपरा मऊ आणि काळा होतो. पान वरच्या कोपऱ्याकडून उचलावे. खुणेसाठी कोपरा दुमडला की जुना कागद तिथेच तुटतो. पिंपळपान आणि मोरपीस यांनी पानावर छाप आणि फुगवटा येतो, यूपिनचा गंज पानात उतरतो. खूण म्हणून कोऱ्या कागदाची पट्टी पुरे. पोथ्या उतरवून घेणारे लेखनिक शेवटी वाचकाला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून पोथी सांभाळायला विनवीत. या तीन गोष्टींचा क्रम आजही फारसा बदलावा लागत नाही.

पाण्याने होणारे नुकसान मात्र एका रात्रीत होते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची आणि जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा पाण्याखाली गेली. चिपळूणवर तर २००५ नंतर दुसऱ्यांदा ही पाळी आली. भिजलेले पुस्तक फुगते आणि ठासून भरलेल्या फळीत ते निघेनासे होते. उष्ण हवेत दोन दिवसांत बुरशी दिसू लागते. चकचकीत कागदाची पाने वाळताना एकमेकांना अशी चिकटतात की सुटत नाहीत. माकणीत पूर नसला तरी छपराची गळती आणि टाकीचा फुटका पाइप असतोच. ओले पुस्तक उन्हात घालू नये, ते वाकडे होते. जबरदस्तीने उघडूही नये. दर पंधरा-वीस पानांमागे कोरा शोषक कागद घालून, पंख्याखाली उभे करून, कागद सारखे बदलत ते सुकवावे. छापील वर्तमानपत्राची शाई ओल्या पानावर उमटते. बुरशी लागलेले पुस्तक आधी वेगळे काढावे, पूर्ण वाळल्यावर खोलीबाहेर मऊ ब्रशने झटकावे, नाकावर मास्क लावून.

हे सगळे तपासायला वर्षातून एक वेळ ठरलेलीच असते, ती ग्रंथ पडताळणीची. दाखल नोंदवही घेऊन प्रत्येक पुस्तक हातात येते, तेव्हाच फळी रिकामी करून कोरड्या फडक्याने पुसावी, रॅकच्या मागे वाळवीच्या नळ्या पाहाव्यात, खिळखिळी पुस्तके बाजूला काढावीत. मे महिन्यात, पावसाआधी, हे काम झालेले उत्तम. फाटलेल्या पानावर पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन पानात झिरपतो, पट्टी गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. पातळ चिवट कागदाची पट्टी मैद्याच्या पातळ खळीने लावली तर ती पुढे पाण्याने सोडवता येते. वाचकांनी तर काहीच चिकटवू नये. पान फाटले असेल तर ते तसेच पुस्तकात ठेवून परत करताना ग्रंथपालांना दाखवावे.