फुगणाऱ्या जाळ्याचे गणित

पॉलिमर जेल म्हणजे ठिकठिकाणी एकमेकींशी जोडलेल्या लांब रेणूसाखळ्यांचे जाळे आणि त्यात सामावलेला द्रावक. सुट्या साखळ्या चांगल्या द्रावकात विरघळून जातात. जोडलेल्यांना ते शक्य नसते, म्हणून जाळे फुगते आणि एका टप्प्यावर थांबते. ते कुठे थांबते, याचे उत्तर १९४३ साली मिळाले. तिथवर पोचायला किती वेळ लागतो, हे समजायला १९७९ उजाडले.

पहिले उत्तर पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांचे. द्रावक आणि पॉलिमर यांची मिसळण्याची ओढ जाळे फुगवते. फ्लोरी-हगिन्स सिद्धान्तात ही ओढ एका अंकाने मोजतात; अंक जितका लहान तितकी ओढ जास्त, आणि तो अर्ध्याहून कमी असेल तर द्रावक चांगला मानतात. दुसरीकडे, ताणलेल्या साखळीला घेता येतील असे आकार कमी होतात, तिची एन्ट्रॉपी घटते आणि ती आखडू पाहते. दोन्ही दाब सारखे झाले की फुगणे थांबते. चांगल्या द्रावकात भरपूर फुगणाऱ्या जेलसाठी या समतोलाच्या समीकरणातून एक सुटसुटीत नियम निघतो: जोडांची घनता दसपट केली, तर फुगण्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्शावर येते. रबराचा तुकडा टोल्यूनमध्ये भिजवून त्यातील जोडांची घनता काढतात, ती याच नात्याच्या आधारे. मिसळण्याची आणि ताणाची अशा दोन्ही ऊर्जांची नुसती बेरीज करावी, हे गृहीतक मात्र आजही वादाचे आहे.

साखळ्यांवर विद्युतभार असेल तर चित्र पालटते. भारांना तोलणारे आयन जेलमध्येच अडकतात आणि त्यांचा परासरण दाब जाळे आणखी फुगवतो. सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट शुद्ध पाण्यात स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरते. खाऱ्या पाण्यात आतल्या-बाहेरच्या आयनांमधला फरक घटतो आणि ही क्षमता काही दशपटींवर उतरते. कॅल्शियम असेल तर आणखी खाली. कोरडवाहू शेतीसाठी हायड्रोजेल निवडताना शुद्ध पाण्यातला आकडा म्हणूनच पुरेसा नाही.

समतोलाचे हेच समीकरण काही परिस्थितींत एकाच दाबाला दोन समतोल अवस्था दाखवते. त्यामुळे जेलची एका अवस्थेतून दुसरीत अचानक उडी संभवते, असे दुशेक आणि पॅटरसन यांनी १९६८ मध्ये गणितातून सांगितले होते. दहा वर्षांनी एमआयटीत तोयोइची तानाका यांनी अ‍ॅसिटोन-पाण्याच्या मिश्रणात पॉलिअ‍ॅक्रिलामाइड जेल एकाएकी आकसताना पाहिले. गणित आधी आणि प्रयोग मागून, असा हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रसंग.

वेळेचा प्रश्न अधिक अवघड होता. द्रावक आत झिरपतो एवढेच धरून भागत नाही, कारण जाळेही सरकत असते. तानाका आणि फिलमोर यांनी जाळ्याच्याच हालचालीला विसरणाचे समीकरण लावले. त्याचा विसरणांक जाळ्याचा ताठपणा आणि द्रावकाशी होणारे घर्षण यांच्या गुणोत्तरातून येतो. पाण्यातल्या जेलसाठी तो सेकंदाला सुमारे १०⁻¹¹ चौरस मीटर या पातळीचा असतो. लागणारा वेळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मिलिमीटरभर त्रिज्येच्या गोळीला तास लागतात, तर मायक्रोमीटरच्या कणाला सेकंदाचा अंश पुरतो. जेलपासून झटपट हलणारी साधने करायची, तर ती बारीकच हवीत.

गोळीपुरते हे ठीक. लांब दांडीला ते लागू पडत नाही. विसरण जाडीच्या दिशेने होते, तरी दांडी लांबीतही त्याच प्रमाणात वाढते. कातर ताणाला होणारा जाळ्याचा विरोध आकार बिघडू देत नाही, हे कारण ली आणि तानाका यांनी १९९० मध्ये दाखवले. मोठ्या विकृती आणि विसरण एकत्र बांधणारी मांडणी हाँग, झाओ, झोउ आणि सुओ यांनी २००८ मध्ये केली. तळाशी चिकटवलेल्या जेलच्या थराला आडवे पसरता येत नाही, पृष्ठभाग दाबला जातो आणि त्यावर घड्या पडतात; अशा घड्यांचा हिशेब आता संगणकावर याच मांडणीतून करता येतो.