श्रीनगर ते लेह : अंतर आणि वेळ

श्रीनगरहून लेहला मोटारीने जाणाऱ्या प्रवाशास सुमारे ४२० किलोमीटरची वाट चालावी लागते. झोजी खिंड, द्रास, कारगिल असा हा डोंगरी रस्ता बहुधा दोन दिवसांचा मानतात, आणि खिंडीत बर्फ साचला म्हणजे तो बंदच पडतो. विमानाची गोष्ट निराळी. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच, म्हणजे ३४ उत्तर अक्षांशावर आहेत. श्रीनगरचे रेखांश ७४ अंश ४६ मिनिटे, लेहचे ७७ अंश ३३ मिनिटे. या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश सुमारे ९२ किलोमीटर भरतो. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा. सरळ अंतर २५६ किलोमीटर येईल.

ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेट विमानास एवढे अंतर काटण्यास वीस मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र पाऊण तास, कधी त्याहून अधिक वेळ दिलेला असतो. वेळापत्रकाचे घड्याळ विमान जागचे हलताच सुरू होते, हे एक कारण. दुसरे असे की, ८०० हा वेग उंचावरील सपाट उड्डाणाचा आहे. या मार्गाच्या अगदी जवळ ७,१३५ मीटर उंचीचे नून शिखर उभे आहे. विमान पुरेसे वर चढते न चढते तोच उतरण्याची तयारी करावी लागते. पूर्ण वेगाने धावण्यास अवसर असा मिळतच नाही.

खरी कसोटी पुढेच आहे. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटर उंचीवर, सिंधूच्या खोऱ्यात आहे. उन्हाळ्यातील दुपारी तेथील हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने दोन-तृतीयांशच्या आसपास उरते. पंखांना वर उचलणारा जोर घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून समुद्रकाठी ताशी २४० किलोमीटर वेगाने जमीन सोडणाऱ्या विमानास येथे सुमारे २९० वेग गाठावा लागतो, तोही विरळ हवेमुळे क्षीण झालेल्या इंजिनांच्या बळावर. धावपट्टी तर वाढत नाही! मग वजन कमी करावे लागते. माल मागे राहतो, क्वचित आसनेही रिकामी ठेवावी लागतात. पूर्वेकडे जमीन चढत जात असल्यामुळे विमाने सामान्यतः पश्चिमेकडून येऊन उतरतात व पश्चिमेकडेच उड्डाण करतात. दुपारी खोऱ्यात वारे उसळतात, हवा तापून आणखी विरळ होते. सकाळची वेळ वैमानिकांना प्रिय असते ती याचसाठी.

या धावपट्टीचा आरंभ युद्धकाळातला. सोनम नोर्बू या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती घाईघाईने तयार करण्यात आली आणि २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्या यांना बरोबर घेऊन तीवर डाकोटा विमान उतरविले. वेढ्यात सापडण्याच्या बेतात असलेल्या लेहला कुमक पोहोचविण्याचा मार्ग त्यामुळे खुला झाला.

तेव्हाचे डाकोटा गेले, जेट विमाने आली. विरळ हवेचा हिशेब मात्र चुकलेला नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस लेहमध्ये उष्मा इतका वाढला की अनेक उड्डाणे रद्द करावी लागली. अशा दिवशी पाऊण तासाचा प्रवास उद्यावर जातो आणि घाई असलेला प्रवासी मोटारतळाकडे वळतो.