दीक्षेचा दिवस आणि मनाची वर्षे

धर्मांतराचा विषय निघाला की आपल्या सार्वजनिक चर्चेत प्रायः दोनच प्रश्न विचारले जातात: किती गेले आणि किती परत आले? दोन्ही प्रश्न मोजदादीचे आहेत. धर्म सोडणाऱ्या माणसाच्या अंतःकरणात काय घडते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर रकान्यात लिहिता येत नाही. एकाच कुळाच्या दोन शाखा दोन धर्मांत नांदत असलेल्या गोमंतकाने तरी तो टाळू नये, असे आम्हांस वाटते.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश व साष्टी येथील देवळे पोर्तुगीज सत्तेने पाडली. त्या धामधुमीत कुशस्थळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा ही दैवते अंत्रुज महालात नेण्यात आली. काही कुटुंबे देवांमागोमाग गेली. काहींनी घर, जमीन व गावकी राखण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. पुढे १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. तरीही १७३६ साली, म्हणजे कित्येक पिढ्या लोटल्यावर, त्याच इन्क्विझिशनला या ख्रिस्ती प्रजेसाठी जाहीरनामा काढावा लागला. तुळस लावू नये, लग्नात पूर्वीची गाणी म्हणू नयेत, इतकेच काय, हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवून वरून मीठ घेऊ नये, असे निर्बंध त्यात होते. ज्या सत्तेला भाताच्या मडक्यात डोकावावे लागते, तिने आपला पराभव स्वहस्ते लिहून दिलेला असतो. श्री शांतादुर्गा कुंकळ्ळीकरिणीच्या छत्रोत्सवात ख्रिस्ती गावकरांचे वंशज आजही सहभागी होतात, याचे नवल म्हणूनच वाटू नये.

हे झाले सक्तीचे. परंतु स्वेच्छेने धर्म बदलणाऱ्यांचीही स्थिती फारशी निराळी नसते. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धर्मपरिवर्तनाचे आकस्मिक व क्रमाक्रमाने होणारे असे दोन प्रकार वर्णिले. जे परिवर्तन एका क्षणात घडल्यासारखे भासते, त्याचीही तयारी मनाच्या तळाशी दीर्घकाळ चाललेली असते, असे त्याने दाखविले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण मराठी वाचकांना परिचित आहे. १८९३ मध्ये आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी १८९५ मध्ये. मधला काळ घालमेलीचा होता. आणि ख्रिस्ती झाल्यावरही अभंग व कीर्तन त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची कथा तर याहून बोलकी आहे. पतीच्या निर्णयाने त्या उन्मळून पडल्या, काही काळ विभक्त राहिल्या. पुढे पतीजवळ आल्या तरी सोवळे सुटले नाही. प्रथम मनातला जातिभेद गळून पडला आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचताना ध्यानात येते की धर्म सोडणे म्हणजे केवळ एक देव सोडणे नव्हे. माहेर, पंगत, सणवार, ज्यांच्या हातचे पाणी प्यायलो ती माणसे, हे सारे एकदम परके होते. देवावाचून माणूस काही काळ राहू शकतो. नात्यागोत्यावाचून राहणे त्याला अधिक जड जाते.

मग इतके सोसूनही माणसे धर्म का सोडतात? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली आणि नागपूरची दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली एकवीस वर्षे अभ्यासात व विचारात गेली. ज्या घरात उंबरठ्याबाहेरच उभे केले जाते, ते घर सोडण्याचे दुःख कोणास होणार? येथे सोडणाऱ्यापेक्षा घरानेच आधी त्याला सोडलेले असते.

परत येणाऱ्यांचे आम्ही काय केले, हेही एकदा स्पष्टपणे बोलले पाहिजे. १९२८ साली विनायक महाराज मसूरकर यांनी गोमंतकातील हजारो ख्रिस्ती गावड्यांस शुद्धी देऊन हिंदू करून घेतले. त्याचा अभिमान अनेक व्यासपीठांवरून मिरविला गेला. परंतु 'नवहिंदू' हे नाव त्यांच्या नातवंडांनाही चिकटून राहिले आणि सोयरिकीची वेळ आली की जुन्या हिंदूंचे दार दीर्घकाळ बंदच राहिले. मंत्र म्हणायला एक दिवस पुरला. 'नव' हा उपसर्ग गाळायला कित्येक दशके पुरली नाहीत. शुद्धी त्यांची झाली. आमच्या मनाची व्हायची राहिली.

ओडिशाने १९६७ साली आणि मध्य प्रदेशाने १९६८ साली धर्मांतरासंबंधी कायदे केले. पुढे इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. सक्ती व फसवणूक यांस दंड असावा, याविषयी दुमत नाही. परंतु राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने दिलेले सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य हा ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा हक्क आहे, आणि तेथे कोणताही पोलीस पोहोचत नाही. जो गेला त्याच्याशी बोलणे तोडू नये. जो आला त्याला पंक्तीच्या टोकाला बसवू नये. आपल्या घरातून कोणी का गेले, याची चौकशी करायचीच असेल, तर ती प्रथम आपल्याच माजघरात करावी.